तारा निघाल्यानंतरचं एक वर्ष: एका पेशंटची पूर्ण केस

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांना तारा लावणारी डॉक्टर. राहते नागपुरात, पण महिन्यातला एक रविवार यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी व्हिजिटला असते, तिथल्या एका डेंटिस्टच्या दवाखान्यात. ही केस तिथलीच. पेशंट आणि तिच्या आईला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. यात चुकलंय कोण असं विचाराल तर यादीत माझं नाव बऱ्यापैकी वर येतं, म्हणून तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

मुलगी आली तेव्हा सोळा वर्षांची होती. वरचा डावा सुळा हिरडीत उंच चढलेला, त्याच्या शेजारचा बारीक दात स्वतःभोवती फिरलेला, खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. जागाच नव्हती म्हणून चार दाढा काढाव्या लागल्या (पुढच्या, सुळ्यामागच्या लहान दाढा, आजी ऐकून दोन दिवस जेवली नाही म्हणे). बावीस महिने तारा होत्या, आणि पोरगी एकदम चांगली पेशंट, एकही रविवार चुकवला नाही, ब्रॅकेट (दातावर चिकटवलेली, तार धरणारी छोटी चौकट) निघालं ते पण फक्त दोनदा.

तारा काढल्या त्या मे महिन्यात, बारावीची परीक्षा झाल्यावर. त्या रविवारी माझे चौदा पेशंट होते. ब्रॅकेट काढली, दातावरचं सिमेंट घासून साफ केलं, खालच्या पुढच्या सहा दातांच्या मागून पीळ घातलेली बारीक तार चिकटवली, वरच्या दातांचं माप घेतलं. वर पारदर्शक प्लेट द्यायची होती, तिचं माप नागपूरच्या लॅबला जातं आणि प्लेट कुरिअरने परत येते. त्याला नऊ दिवस लागले, म्हणजे नऊ दिवस वरचे दात कशाच्याही आधाराशिवाय मोकळे होते. प्लेट बसली नंतर, थोडी घट्ट वाटली तेवढंच, पण हे नऊ दिवस लक्षात ठेवा.

आता खरी गंमत अशी की त्या दिवशी मी सगळ्या सूचना दिल्या होत्या. चार महिने दिवसरात्र प्लेट घालायची, फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायची, नंतर रोज रात्री, गरम पाण्यात टाकायची नाही, डबीतच ठेवायची, तीन महिन्यांनी दाखवायचं. सांगितलं कोणाला? आईला. पोरगी आरशासमोर होती, जिभेने दात चाचपत होती, बहिणीला व्हिडिओ कॉल चालू होता, आणि बाहेर बाबा पेरू घेऊन उभे होते कारण बावीस महिने तिने पेरू चावून खाल्ला नव्हता. अशा माणसाला त्या क्षणी रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारी ही प्लेट किंवा तार) म्हणजे काय हे समजावणं म्हणजे वरातीतल्या नवऱ्याला पॉलिसी विकण्यासारखं आहे, मी गेली कित्येक वर्षं तेच करत आलेय.

पहिला प्रश्न: पांढरे डाग

तारा निघाल्यावर आईला पहिल्यांदा काय दिसलं तर डाग. वरच्या चार-पाच दातांवर, हिरडीच्या कडेला, जिथे ब्रॅकेट होतं त्याच्या भोवती खडूसारखे पांढरे. आई म्हणाली, "मॅडम, हे आपल्या बोरच्या पाण्यानं झालं नं."

शंका चुकीची नव्हती. यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात बऱ्याच गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे आणि डागाळलेले दात तिथे घरोघरी दिसतात. पण पाण्याचे डाग वेगळे असतात. ते दात हाडाच्या आत तयार होत असताना पडतात, म्हणून दात उगवतो तोच डाग घेऊन, आणि दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर साधारण सारखे, आडव्या रेघांसारखे पसरलेले. हिचे डाग ब्रॅकेटची चौकट सोडून भोवती होते. मी सुरुवातीचे फोटो उघडले, त्यात हे दात स्वच्छ. म्हणजे हे ब्रॅकेटभोवती अन्न साचून इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातलं, कॅल्शियम निघून गेल्याचे डाग, किडीची पहिली पायरी.

पण याच्या पुढे जे कळलं ते मला सुचलं नसतं. शाळेत, ग्रामपंचायतीत फ्लोराईड वाईट असे फलक बघून बघून आईने वर्षभरापूर्वीच घरात फ्लोराईड नसलेली आयुर्वेदिक पेस्ट आणली होती. म्हणजे ज्या काळात पोरीच्या दाताला फ्लोराईडची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेव्हा बंद. आईचं लॉजिक बिनचूक होतं हो, माहिती अर्धी होती. पाण्यातून पोटात जाणारं जास्तीचं फ्लोराईड लहान वयात, कायमचे दात बनत असताना दात बिघडवतं. अठरा वर्षांच्या मुलीने पेस्ट दाताला लावून थुंकली तर असे डाग पडत नाहीत, उलट इनॅमल घट्ट होतं. हे समजावायला मला पंधरा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ रिटेनरच्या बोलण्यातून गेला हे तेव्हा लक्षात आलं नाही.

डागांसाठी काय काय करता आलं असतं? जास्त ताकदीचं फ्लोराईड वार्निश लगेच लावायचं, पण त्याने डागाचा वरचा थर पटकन कडक होऊन आतला पांढरेपणा तसाच अडकतो असं मानतात. पातळ रेझिन मुरवून डाग झाकायची ट्रीटमेंट असते, पण ती महाग आणि इतक्या लवकर कशाला. पोरीला ब्लीचिंग हवं होतं, मावसबहिणीचं लग्न होतं जूनमध्ये. मी नाही म्हटलं, सुजलेल्या हिरड्या आणि नुकतं मोकळं झालेलं इनॅमल, त्यावर ब्लीच म्हणजे दात शिवशिवणार आणि पांढरं अजून पांढरं दिसणार. ठरलं ते सगळ्यात स्वस्त: साधी फ्लोराईडची पेस्ट दोन वेळा, ब्रश झाल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, आणि सहा महिने थांबायचं. असे डाग पहिल्या काही महिन्यांत लाळेनेच बरेच फिके होतात.

हा निर्णय बरोबर ठरला. पण सगळ्यांचं लक्ष पुढच्या डागांवर राहिलं आणि मागे काय चाललंय ते कोणी बघितलं नाही.

काय बिघडलं

ऑगस्टमध्ये ती पुण्याला इंजिनीअरिंगला गेली. तीन महिन्यांनी दाखवायचा रविवार ॲडमिशनच्या धावपळीत गेला. दिवाळीत घरी आली तेव्हा दाखवायचं ठरलं होतं, पण दिवाळीचा रविवार म्हणून मीच व्हिजिट रद्द केली होती, दवाखान्यातून पुढच्या महिन्याची तारीख दिली, पुढच्या महिन्यात ती पुण्यात.

परत जाताना रात्रीची ट्रॅव्हल्स. जेवायला ढाब्यावर थांबली, डबी होती मोठ्या बॅगेत आणि बॅग गाडीच्या डिकीत. प्लेट काढून टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवली, पोऱ्याने ताट उचललं, टिश्यू पण उचलला. तासाभराने गाडीत आठवलं. माझ्याकडे हरवलेल्या प्लेटांचा हिशोब काढला तर निम्म्याहून जास्त टिश्यूतच गेल्यात. प्लेट पारदर्शक, ती दिसत नाही म्हणून तर मुली ती मागतात, आणि दिसत नाही म्हणूनच ती हरवते.

तिने कोणाला सांगितलं नाही. का, ते नंतर सांगितलं: "मम्मी ओरडली असती, पंधराशे रुपये गेले म्हणून. आणि खाली तार होतीच नं, मला वाटलं ती सांभाळून घेईल." खालची तार वरच्या दातांना काय सांभाळणार, पण तिला तो फरक कोणी सांगितलाच नव्हता.

मग जानेवारीत भाजलेलं कणीस खाताना खालच्या तारेचं डावं टोक दातावरून सुटलं. जिभेला टोचायला लागलं. रूममेटने नेलकटरने टोचणारं टोक कापून दिलं, टोचणं थांबलं, विषय संपला.

जूनमध्ये सुट्टीत आली तेव्हा मी बघितलं. वरचा डावा बारीक दात, जो मुळात फिरलेला होता तोच, पुन्हा साधारण बारा अंश फिरलेला. काढलेल्या दाढेच्या जागी वर डावीकडे एक मिलिमीटर फट. खाली तार सुटलेला दात मिलिमीटरभर जिभेकडे सरकलेला. खालच्या दातांमागे तारेला धरून टार्टरचा, म्हणजे कडक झालेल्या किटणाचा, जाड थर, कारण लाळेच्या ग्रंथी तिथेच जिभेखाली उघडतात आणि तारेखाली ब्रश पोचत नाही. हिरडीला हात लावला की रक्त. आणि डाग? जवळजवळ गेलेले, फक्त दोन दातांवर नीट बघितलं तर दिसतील एवढे.

दात परत का जातात

हे थोडं खोलात सांगते कारण आईचा पहिला प्रश्न हाच होता, "बावीस महिने लावले, मग पक्के कसे नाही झाले?"

दात हाडात सिमेंटने बसवलेला खांब नाही, तो तंतूंनी टांगलेला असतो. तारांनी दात सरकवला की ते तंतू ताणले जातात. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागेला जुळवून घ्यायला तीन-चार महिने घेतात, हिरडीतले त्याहून जास्त, आणि हिरडीतले जे रबरासारखे लवचिक असतात त्यांना वर्षभर किंवा जास्तही लागतं. फिरलेला दात सरळ केला असेल तर हे रबर पिळलेलं राहतं आणि सोडलं की उलट फिरतं. म्हणून हिचा नेमका तोच दात फिरला, ज्याला मी सगळ्यात जास्त फिरवला होता. ते नऊ दिवस म्हणूनच लक्षात ठेवा म्हटलं, तारा काढल्यानंतरचे पहिले दिवस सगळ्यात नाजूक असतात.

आणि वर्ष झालं की सुटलो असंही नाही. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिटल आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाढा काढून तारा लावलेल्या ६५ पेशंटचा अभ्यास छापला होता, रिटेनर बंद करून दहा वर्षं झालेले सगळे. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा समाधानकारक राहिले नव्हते. तारा कधीच न लावलेल्या माणसांचेही खालचे दात वयानुसार दाटतात, चाळिशीतल्या कोणाचेही कॉलेजचे फोटो काढून बघा.

बाबांना वाटत होतं अक्कलदाढ ढकलतेय, ती काढून टाका. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे काढला, दाढा हाडात होत्या, शांत होत्या. अक्कलदाढ पुढचे दात ढकलते याला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे त्यासाठी दाढ काढायला मी तयार नव्हते. बाबा थोडे नाराज झाले, त्यांना एक ठोस गुन्हेगार हवा होता.

पर्याय

सगळ्यात सोपा पर्याय जुनी प्लेट पुन्हा घालणं, दात थोडा सरकला असेल तर घट्ट प्लेटच त्याला परत आणते. पण प्लेट ढाब्यावर गेलेली. मग जुन्या प्लॅस्टरच्या मॉडेलवरून नवी करावी, तर लॅब तीन महिन्यांनी मॉडेल फेकून देते आणि मी ते मागवून ठेवलं नव्हतं. शिवाय सात महिन्यांनी एवढा फिरलेला दात नुसत्या प्लेटने आला नसताच.

मग उरले चार. एक, आहे ते मान्य करायचं आणि आत्ताच्या दातांवर नवी प्लेट करून पुढची घसरण थांबवायची. दोन, सगळ्या दातांना परत तारा, आठ-दहा महिने. तीन, फक्त वरच्या पुढच्या सहा दातांना तीन-चार महिने तारा. चार, अलायनर, म्हणजे एकापाठोपाठ बदलायच्या पारदर्शक ट्रे.

आईचं मत दोन नंबर, "लावून टाका परत, घट्ट." माझं मत तीन नंबर. अलायनर मी जवळजवळ खोडलाच होता आणि कारणही तोंडावर बोलले, की जी मुलगी एक प्लेट सांभाळू शकली नाही ती दिवसाचे वीस-बावीस तास ट्रे काय घालणार.

पोरगी गप्प बसली. मग म्हणाली, "मॅम, मी सहा महिने रोज घातली होती. चार महिने दिवसरात्र, नंतर रोज रात्री. तुम्ही सांगितलं तसंच. हरवल्यावर फक्त सांगितलं नाही."

मला यावर काही बोलता आलं नाही. ती खरं बोलतेय हे दातांवरूनही पटत होतं, पहिल्या सहा महिन्यांत दात हलले असते तर यापेक्षा कितीतरी जास्त फिरले असते. मी निष्काळजी पेशंट समजत होते, आणि ती होती घाबरलेली पेशंट. या दोघींचा इलाज एक नसतो. मग आईला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं की तुला काय हवंय. कॉलेजमध्ये परत तारा नको होत्या, फट दिसत नाही म्हणून तिचं काही म्हणणं नव्हतं, फिरलेला दात मात्र फोटोत खटकत होता. एकोणीस वर्षांच्या मुलीला हा प्रश्न मी आधीच्या बावीस महिन्यांत एकदाही विचारला नव्हता, सगळं आईशी बोलणं.

काय केलं

आधी हिरड्या. टार्टर काढला, राहिलेली खालची तार काढून टाकली (आजीचा निरोप आला की क्लीनिंगने दात हलतात, तर आजींना सांगा टार्टर निघाला की फटी मोकळ्या होतात म्हणून तसं वाटतं, क्लीनिंगने दात ढिले होत नाहीत). दोन आठवडे नीट ब्रश, रक्त थांबलं, मगच माप घेतलं. सुजलेल्या हिरडीवर दात सरकवणं मला पटत नाही, आईला घाई होती तरी.

मग अलायनरच्या सहा ट्रे वर आणि सहा खाली, दोन-दोन आठवड्यांच्या. एका ट्रेने दात साधारण पाव मिलिमीटर सरकतो, किंवा दोनेक अंश फिरतो, त्या हिशोबाने सहा पुरत होत्या. जागेसाठी खालच्या दातांमधून पट्टीने दोन-दोन दशांश मिलिमीटर घासलं. पहिल्या दोन ट्रे माझ्या डोळ्यासमोर झाल्या, उरलेल्या ती पुण्याला घेऊन गेली. दर ट्रे बदलताना तीन फोटो व्हॉट्सॲपवर. खालच्या दातांच्या मागचा फोटो कसा काढायचा हा प्रश्न होता, तो तिनेच सोडवला, स्टीलचा चमचा तोंडात उलटा धरून त्यातल्या प्रतिबिंबाचा, रूममेट टॉर्च मारते. आता मी हे सगळ्या पेशंटना शिकवते.

निकाल

तीन महिन्यांनी फिरलेला दात जवळजवळ जागेवर, मी बारकाईने बघितलं तर दोन-तीन अंश राहिलाय. खालचा दात रांगेत. वरची फट अर्धा मिलिमीटर उरली, अजून ट्रे करून बंद करता आली असती, पण तिने नको म्हटलं.

दिवाळीत खाली नवीन तार चिकटवली, वर प्लेट दिली, त्याच दिवशी, कारण माप आधीच्या महिन्यात घेऊन ठेवलं होतं (शेवटची ट्रे तोवर प्लेट म्हणून चालली). प्लेटचे दोन सेट, एक पुण्यात, एक घरी. तारेखालून साफ करायला ताठ टोकाचा फ्लॉस आणि बारीक इंटरडेंटल ब्रश, दोन्ही तिच्याकडून माझ्यासमोर करून घेतलं, हातात पाकीट देऊन सोडलं नाही. कागदावर एक ओळ लिहून दिली: तार सुटली किंवा प्लेट हरवली तर त्याच आठवड्यात जवळच्या कोणत्याही डेंटिस्टकडे जायचं आणि मला कळवायचं, रागावणार नाही.

त्या ओळीची परीक्षा दोन महिन्यांतच झाली. आईने घरचा सेट जंतू मरावेत म्हणून उकळत्या पाण्यात टाकला, प्लेट पापडासारखी वाकली. आईचाच फोन आला, दुसऱ्या दिवशी, जरा ओशाळून. या वेळी मॉडेल माझ्याकडे होतं, पेशंटला न बोलावता चार दिवसांत नवी प्लेट गेली. धुवायला गार पाणी आणि मऊ ब्रश, पेस्टसुद्धा नको कारण तिने चरे पडतात आणि चऱ्यात वास धरतो, हे तिसऱ्यांदा सांगितलं, या वेळी लिहून.

परत करायचं झालं तर

वरची प्लेट तारा काढण्याच्या दिवशी हातात असली पाहिजे. आता मी महिनाभर आधी, ब्रॅकेट असतानाच प्लेटबद्दल बोलते, आणि पेशंटशी बोलते, आईशी नाही. तारा काढायच्या दिवशी फक्त पेरू.

बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या मुलांचं वेळापत्रक माझ्या रविवारांवर बसवणं हाच मूर्खपणा होता. तीन महिन्यांचा फॉलोअप चुकला तेव्हा दवाखान्यातून एक फोन जायला हवा होता, गेला नाही. दिवाळीचा रविवार मी अजूनही सुट्टी घेते, पण त्याआधीचा शनिवार देते.

फक्त तारेवर भरवसा ठेवावा का, यावर माझं मत बदललंय. चिकटवलेली तार एका दातावरून सुटली तर पेशंटला कळतच नाही, बाकीचे दात धरून राहतात आणि तो एकटा निघून जातो. म्हणून आता खालीसुद्धा तारेवरून बसणारी एक प्लेट देते, आठवड्यातून दोन रात्री घालायची. घट्ट वाटली तर समजायचं काहीतरी हललं. खर्च वाढतो, सगळ्यांना जमत नाही, तिथे चमच्याचा फोटो.

पेस्टचं मात्र सुरुवातीलाच विचारायला हवं होतं, घरात कोणती वापरता, म्हणून. बावीस महिने ब्रश कसा करता हे विचारलं, कशाने करता ते कधीच नाही.

परवा तिचा या महिन्याचा फोटो आला. तार सहाही दातांना धरून, उजवीकडे थोडा टार्टर दिसतोय, ते तिला कळवलं. तिने उलट पाठवलं की फटीत संत्र्याचा रेशा अडकतो रोज, पण राहू द्या मॅम, मला काढायला मजा येते.